कोरियाच्या निवडणूक आयोगाची आकडेवारी: परराष्ट्र धोरण समजून घ्यायला किती कामाची?

दक्षिण कोरियात सत्ता बदलली की टोकियो, बीजिंग आणि प्योंगयांगबद्दलची सोलची भाषा बदलते. हा बदल कोणत्या मतदारांनी घडवला आणि तो करताना त्यांच्या डोक्यात परराष्ट्र धोरण होतं का, हे तपासायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे तिथल्या राष्ट्रीय निवडणूक आयोगाच्या तीन सेवा: निवडणूक आकडेवारीचं संकेतस्थळ (इन्फो डॉट एनईसी डॉट जीओ डॉट केआर), जनमत चाचण्यांची नोंदवही आणि उमेदवारांच्या वचननाम्यांचं दालन. तिन्ही फुकट आहेत, आणि पाहण्यासाठी खातं काढावं लागत नाही. तिघांचा दर्जा मात्र एकसारखा नाही. आकडेवारी उत्तम, चाचण्यांची नोंदवही फार चांगली पण एका मोठ्या उणिवेसह, आणि वचननामे यथातथाच.

आकडेवारीपासून सुरुवात करू. १९४८ पासूनच्या निवडणुकांचे निकाल इथे आहेत. पडदा जवळजवळ पूर्ण कोरियन भाषेत आहे. आयोगाचं इंग्रजी संकेतस्थळ वेगळं आहे, पण तिथे बरीचशी ढोबळ माहितीच मिळते. त्यामुळे संगणकावर ब्राउझरचं भाषांतर चालू करून मूळ कोरियन पानावरच काम करावं आणि चार शब्द ओळखायला शिकावेत: ‘योकदे सॉनगॉ’ म्हणजे मागच्या निवडणुका, ‘तुप्योयुल’ म्हणजे मतदानाची टक्केवारी, ‘केप्यो’ म्हणजे मतमोजणी आणि ‘तांगसॉनिन’ म्हणजे विजयी उमेदवार. निवडणुकीचा प्रकार, वर्ष, प्रांत, मग शहर किंवा जिल्हा, या क्रमाने गेलं की तक्ता उघडतो. तो एक्सेलमध्ये उतरवून घ्यावा. पडद्यावर वाचत बसण्यात अर्थ नाही, कारण खरं काम बेरीज-वजाबाकीचं आहे.

तक्त्यात एकूण मतदार, पडलेली मतं, उमेदवारनिहाय मतं, त्यांची बेरीज, बाद मतं आणि मतदान न केलेले असे रकाने असतात. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. उमेदवाराची टक्केवारी पडलेल्या मतांवर काढली जात नाही, ती वैध मतांच्या बेरजेवर काढतात. मार्च २०२२ ची अध्यक्षीय निवडणूक घ्या. पडलेली मतं ३,४०,६७,८५३. पुराणमतवादी पीपल पॉवर पक्षाचे युन सुक-योल यांना १,६३,९४,८१५ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ली जे-म्युंग यांना १,६१,४७,७३८. युन यांची मतं पडलेल्या मतांनी भागली तर ४८.१२ टक्के येतात आणि बातम्यांमधल्या ४८.५६ शी जुळत नाहीत. बाद झालेली ३,०७,५४२ मतं वजा करून भागा, म्हणजे बरोबर जुळतं.

याच ओळीत परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाला हवी असलेली गोष्ट बसलेली आहे. दोघांमधलं अंतर २,४७,०७७ मतांचं होतं, म्हणजे बाद मतांपेक्षाही कमी. एवढ्याशा आघाडीवर आलेल्या युन यांनी वर्षभरात जपानविषयीचं धोरण पार उलटं फिरवलं. ६ मार्च २०२३ ला त्यांच्या सरकारने जाहीर केलं की युद्धकाळात जपानी कंपन्यांकडे सक्तीने राबवल्या गेलेल्या कोरियन कामगारांची भरपाई एक कोरियन प्रतिष्ठान देईल. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई जपानी कंपन्यांनी द्यावी असा निकाल दिला होता. दहा दिवसांनी युन टोकियोत होते, २१ मार्चला जपानबरोबरचा लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार पूर्ववत झाला आणि १८ ऑगस्टला कॅम्प डेव्हिडला अमेरिका-जपान-कोरिया अशी तिहेरी बैठक झाली. हाच करार मोडीत काढत असल्याची घोषणा युन यांच्या आधीचे अध्यक्ष मून जे-इन यांच्या सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये केली होती.

मग २०२२ मध्ये कोरियन मतदारांनी जपानशी समेट करायला कौल दिला होता का? आकडे प्रांतनिहाय उघडले की तसं दिसत नाही. युन यांची सोल शहरातली आघाडीच ३ लाखांहून जास्त होती, म्हणजे देशभरातल्या आघाडीपेक्षा मोठी. सोलमध्येही गांगनाम या श्रीमंत भागात त्यांना ६७ टक्के मतं होती. तिथला राग घरांच्या किमती आणि मालमत्ता कर यांवरचा होता. दुसरीकडे ग्वांगजूत ली यांना ८४ टक्क्यांहून जास्त आणि देगूत युन यांना ७५ टक्के, हे प्रादेशिक निष्ठेचे जुने आकडे. कोरियात परराष्ट्र धोरण निवडणूक क्वचितच ठरवतं, पण निवडणूक परराष्ट्र धोरण हमखास ठरवते. ज्या सरकारला लोकांनी घरांच्या किमतींपायी निवडलं त्याच्याच हातात टोकियोची किल्ली जाते. हे संकेतस्थळ पुरेसा वेळ देऊन पाहिलं की हा विसंवाद आकड्यांतच दिसतो, कुणा विश्लेषकाचं मत वाचावं लागत नाही.

या सेवेचा खरा कस लागतो तो तालुका-गावपातळीवर. अमेरिकेच्या थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं उदाहरण घ्या. ती बसवण्याचा निर्णय जुलै २०१६ मध्ये जाहीर झाला आणि जागा ठरली उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातल्या सॉंगजू जिल्ह्यात. चीनने चिडून जागा देणाऱ्या लोत्ते कंपनीची कोंडी केली आणि कोरियात जाणारे आपले पर्यटक रोखले. सॉंगजूत गावकरी महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. २६ एप्रिल २०१७ ला, म्हणजे मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, यंत्रणेचे काही भाग रातोरात तिथे नेले गेले. आता ९ मे २०१७ चा निकाल उघडा, प्रांत निवडा, सॉंगजू निवडा. थाडचे कट्टर समर्थक होंग जून-प्यो यांना तिथे निम्म्याहून जास्त मतं आहेत, आणि देशात मात्र ते २४ टक्क्यांवर होते. जिंकले मून जे-इन, ४१ टक्क्यांवर. त्यांनी आधी थाडबद्दल प्रश्न उपस्थित केले, सप्टेंबरमध्ये उरलेले चार प्रक्षेपक बसवू दिले आणि ३१ ऑक्टोबरला चीनशी तडजोड केली. टीव्हीवरची निदर्शनं पाहून ‘सॉंगजू पेटलं’ असं लिहिणाऱ्यांनी हा तक्ता आधी पाहायला हवा होता.

संसदीय निवडणुकांच्या तक्त्यांत वेगळा खड्डा आहे. ३०० जागांपैकी २५४ मतदारसंघांतून आणि ४६ पक्षांच्या यादीतून भरल्या जातात, आणि दोन्हींचे तक्ते वेगळे. २०२० पासून मोठे पक्ष यादीच्या जागांसाठी उपपक्ष उभे करतात. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या नावापुढे १६१ जागा दिसतात. उपपक्षाच्या १४ मिळवल्या की १७५ होतात. पीपल पॉवर पक्षाचे ९० आणि १८ मिळून १०८. मागच्या वर्षांत शोधताना पक्षाचं त्या काळचं नाव लागतं. आजचा पीपल पॉवर पक्ष २०१२ च्या तक्त्यात सेनुरी, २०१७ मध्ये लिबर्टी कोरिया आणि एप्रिल २०२० मध्ये युनायटेड फ्यूचर या नावाने सापडेल. संकेतस्थळ ही नावं एकमेकांना जोडून देत नाही. ती यादी स्वतः करून ठेवावी.

संसदेचे हे आकडे परराष्ट्र धोरणासाठी का महत्त्वाचे, तर राज्यघटनेच्या ६० व्या कलमामुळे. महत्त्वाचे करार आणि परदेशी सैन्य पाठवणं यांना संसदेची संमती लागते. अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार कराराला २२ नोव्हेंबर २०११ ला १५१ विरुद्ध ७ मतांनी मंजुरी मिळाली, आणि त्या दिवशी एका खासदाराने सभागृहात अश्रुधुराची नळकांडी फोडली होती. विरोधकांची संख्या मोठी म्हणजे सगळं अडणार, असंही नाही. अमेरिकन फौजांच्या खर्चातल्या वाट्याचा बारावा करार विरोधकांच्या ताब्यातल्या संसदेनेच नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस मंजूर केला. वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प परत येणार हे दोन्ही बाजूंना दिसत होतं. २०२५ मध्ये अमेरिकेशी ठरलेल्या ३५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीला संसदेची संमती हवी की नको यावरून झालेला वाद याच कलमाचा. तेव्हा भूमिका उलट्या होत्या: संमती हवीच असं म्हणणारा पीपल पॉवर पक्ष आता विरोधात बसला होता.

२०२४ चा निकाल पुढे कुठे पोचला ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी विरोधकांकडे मिळून १९२ जागा होत्या आणि महाभियोगाला २०० लागतात. ३ डिसेंबरला युन यांनी पुकारलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) त्यांच्यावरच्या महाभियोगाचा पहिला ठराव ७ डिसेंबरला बारगळला. त्या ठरावाच्या मसुद्यात युन यांनी उत्तर कोरिया, चीन आणि रशियाशी वैर ओढवून घेतलं व जपानकेंद्री धोरण धरलं, असाही आक्षेप होता. देशात आणि वॉशिंग्टनमध्ये त्यावर नाराजी उमटली. १४ डिसेंबरच्या दुसऱ्या ठरावातून तो परिच्छेद काढून टाकला गेला आणि ठराव २०४ मतांनी संमत झाला. सत्ताधारी पक्षातली किमान १२ मतं फुटली होती. परराष्ट्र धोरणाला महाभियोगाचं कारण करता येणार नाही, हे डेमोक्रॅटिक पक्षाने आठवडाभरात ओळखलं. ली जे-म्युंग यांची पुढची सगळी भाषा ‘व्यवहारी मुत्सद्देगिरी’ची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ते आधी टोकियोला गेले, मग वॉशिंग्टनला. युन यांच्या जपान धोरणावर तुटून पडणारा नेता सत्तेत आल्यावर त्याच वाटेने चालला, ही या काळातली सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे आणि तिचं मूळ युन पदच्युत झाल्यावर ३ जून २०२५ ला झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तक्त्यात शोधता येतं: ली जे-म्युंग ४९.४२ टक्के, पीपल पॉवरचे किम मून-सू ४१.१५, पुराणमतवादी गोटातलेच ली जुन-सॉक ८.३४. मार्शल लॉनंतर सहा महिन्यांत झालेल्या निवडणुकीतही ली जे-म्युंग यांना निम्म्यावर जाता आलं नाही. उरलेल्या दोघांची बेरीज त्यांच्याइतकीच भरते.

आगाऊ मतदानाचा रकाना जपून वाचावा लागतो. मतदानाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस, सकाळी ६ ते संध्याकाळी ६, देशात कुठेही आगाऊ मत देता येतं. तक्त्यात आपल्या भागातलं आगाऊ मतदान, भागाबाहेरचं आगाऊ मतदान, परदेशातलं मतदान आणि प्रत्यक्ष दिवसाचं मतदान वेगवेगळं दाखवलेलं असतं. गाववार बेरीज करताना भागाबाहेरची मतं गावांत वाटलेली नसतात. त्यामुळे गावांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा कमी भरते. आगाऊ मतदार तुलनेने डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले असल्याने दोन रकान्यांत मोठी तफावत येते, आणि याच तफावतीवर मतचोरीचे आरोप उभे राहिले. मार्शल लॉच्या रात्री सैनिक ग्वाचॉनमधल्या आयोगाच्या कार्यालयात शिरले ते या संशयापायी. नंतर, आयोगाच्या प्रशिक्षण केंद्रात चिनी हेर पकडल्याची बातमी पसरवली गेली आणि कोरियातल्या अमेरिकी फौजांनी ती पूर्ण खोटी असल्याचं सांगितलं. निवडणुकीबद्दलचा अविश्वास चीनद्वेषात कसा मिसळतो ते इथे उघड दिसलं. आयोगाचा कारभार निर्दोष आहे असंही नाही. मार्च २०२२ मध्ये कोविडग्रस्तांच्या मतपत्रिका टोपल्या आणि पिशव्यांतून गोळा झाल्या आणि त्यावरून आयोगाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. संशयाला खतपाणी अशा ढिलाईनेच मिळतं. निकालाचे आकडे मात्र केंद्रनिहाय खुले आहेत, कुणीही पडताळावेत.

दुसरी सेवा, जनमत चाचण्यांची नोंदवही, २०१४ पासून चालू आहे. निवडणुकीशी संबंधित कोणतीही चाचणी प्रसिद्ध करायची तर ती इथे नोंदवावीच लागते: पैसे कुणी दिले, कुणी केली, किती लोक, दूरध्वनीवर माणूस बोलला की यंत्र, नमुना कुठून घेतला, प्रश्नांचे शब्द काय. मतदानाआधीच्या सहा दिवसांत केलेल्या चाचण्या मतदान संपेपर्यंत छापता येत नाहीत. सविस्तर तक्ते पहिल्या प्रसिद्धीनंतर काही काळाने खुले होतात, तेव्हा बातमी आली त्याच तासाला शोधू नये.

इथे वाचायचे दोन रकाने म्हणजे संपर्काचं प्रमाण आणि प्रतिसादाचं प्रमाण. कोरियात ‘प्रतिसाद १५ टक्के’ म्हणतात तेव्हा फोन उचललेल्यांपैकी १५ टक्के असा अर्थ असतो. संपर्क ४० टक्के असेल तर खरा प्रतिसाद ६ टक्केच. यंत्राने केलेल्या फोनवर राजकारणात मुरलेले लोकच टिकून राहतात, म्हणून यंत्राने चाचणी घेणाऱ्या रिअलमीटर संस्थेच्या सोमवारी येणाऱ्या आकड्यांत दोन्ही बाजू जास्त तापलेल्या दिसतात. गॅलप कोरियाची शुक्रवारची चाचणी माणसं फोन करून घेतात, साधारण १,००० जणांची, चुकीची मर्यादा अधिक-उणे ३.१ टक्के. (अमेरिकेच्या गॅलप कंपनीशी हिचा संबंध नाही.) चार संस्था मिळून करतात ती एनबीएस चाचणी गुरुवारी येते. वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्या एकाच आलेखावर जोडू नयेत. एकाच संस्थेची चाचणी स्वतःशीच ताडून पाहावी.

परराष्ट्र धोरणासाठी यातली गॅलपची चाचणी सगळ्यांत उजवी. ती अध्यक्षांचं काम चांगलं की वाईट एवढ्यावर थांबत नाही, कारणही विचारते, आणि लोक आपल्या शब्दांत उत्तर देतात. २०२३ च्या वसंतात युन यांना पसंती देणाऱ्यांचं आणि नापसंती देणाऱ्यांचं, दोघांचंही आघाडीचं कारण ‘परराष्ट्र व्यवहार’ होतं. मार्च २०२३ मध्ये भरपाईच्या तोडग्याला ३५ टक्के अनुकूल आणि ५९ टक्के प्रतिकूल होते. तरीही पुढच्या वर्षीच्या संसदीय निवडणुकीत गाजला तो भाज्यांचा भाव, आणि परराष्ट्र खात्याशी जोडलेली एकच गोष्ट: चौकशी चालू असलेल्या माजी संरक्षणमंत्र्यांची ऑस्ट्रेलियात राजदूत म्हणून नेमणूक. ते १० मार्च २०२४ ला निघाले, २१ ला परतले आणि २९ ला राजीनामा देऊन मोकळे झाले. मतदान १० एप्रिलला होतं.

उत्तर कोरियाच्या बातमीने मतं फिरतात, हा समज तपासायलाही आकडेवारी आणि चाचण्या शेजारी ठेवाव्यात. २००० मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष किम दे-जुंग आणि उत्तरेचे नेते किम जोंग-इल यांच्या भेटीची घोषणा संसदीय मतदानाच्या तीन दिवस आधी झाली. विरोधकांना १३३ आणि सत्ताधाऱ्यांना ११५ जागा मिळाल्या. २०१० मध्ये चॉनान युद्धनौका उत्तर कोरियाच्या पाणतीराने बुडाल्याचा अहवाल अधिकृत प्रचार सुरू झाला त्याच दिवशी, २० मेला, आला. २ जूनच्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी पुराणमतवादी पक्ष १६ पैकी ६ प्रांत-महानगरांवर अडकला. उलट २०१८ मध्ये ट्रम्प आणि किम जोंग-उन यांच्या सिंगापूर शिखर बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी स्थानिक निवडणुकीचं मतदान झालं आणि डेमोक्रॅटिक पक्षाने १७ पैकी १४ जिंकले. पण मून यांची गॅलपमधली पसंती महिनाभर आधीच ८३ टक्के होती आणि विरोधी पक्ष आपल्या अध्यक्ष पार्क गन-हे यांच्यावरच्या आधीच्या महाभियोगातून सावरला नव्हता. एका बैठकीला सगळं श्रेय देता येत नाही.

नोंदवहीची मोठी उणीव इथेच जाणवते. पक्ष किंवा उमेदवाराचा प्रश्न नसलेली, निव्वळ धोरणाची चाचणी इथे नोंदवावी लागत नाही. त्यामुळे फक्त जपान, थाड किंवा स्वतःच्या अण्वस्त्रांवरची चाचणी इथे शोधून सापडणार नाही. अण्वस्त्रांना ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाठिंबा दाखवणाऱ्या असान इन्स्टिट्यूटच्या चाचण्या, कोरियाच्या एकीकरण संशोधन संस्थेची दरवर्षीची पाहणी आणि ईस्ट एशिया इन्स्टिट्यूटची जपानबरोबरची संयुक्त पाहणी त्या त्या संस्थांकडूनच घ्याव्या लागतात.

तिसरी सेवा, वचननाम्यांचं दालन. प्रत्येक अध्यक्षीय उमेदवार दहा मुख्य वचनं देतो आणि प्रत्येकाखाली उद्दिष्ट, पद्धत, कालावधी आणि निधी असे चार रकाने भरतो. रचना चांगली आहे, पण परराष्ट्र धोरणाच्या वचनांत निधीचा रकाना बहुधा मोघम असतो आणि मजकूर इतका सावध की दोन पक्षांची पानं अदलाबदल झाली तरी पटकन लक्षात येऊ नये. उपयोग होतो तो क्रमाचा: २०२५ मध्ये ली आणि किम दोघांचंही पहिलं वचन अर्थव्यवस्थेचं होतं. आयोगाने घेतलेल्या तीन वादसभांत परराष्ट्र आणि सुरक्षा विषय तिसऱ्या, २७ मेच्या सभेत होता, आणि ती सभा चिखलफेकीत गेली.

भारतासाठी पाहणाऱ्यांना एक सांगायला हवं. मून यांनी ‘नवं दक्षिण धोरण’ आणलं, युन यांनी ते बाजूला सारून हिंद-प्रशांत धोरण मांडलं. नावं निवडणुकीबरोबर बदलली. पण भारताबरोबरच्या व्यापक आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटी रोह मू-ह्युन यांच्या काळात, २००६ मध्ये सुरू झाल्या आणि ऑगस्ट २००९ मध्ये विरोधी विचारांच्या ली म्युंग-बाक सरकारने त्यावर सही केली. रांजणगावातला एलजीचा किंवा तळेगावचा ह्युंदाईचा कारखाना कोरियातल्या मतमोजणीवर हेलकावे खात नाही. या आकडेवारीतून भारतविषयक धोरणाचा अंदाज बांधायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. जपान, चीन आणि उत्तर कोरियासाठी मात्र दर शुक्रवारी गॅलप आणि दर निवडणुकीनंतर गाववार एक्सेल, एवढं नेमाने पाहिलं तरी पुरे.